दगड की अस्थी? नागपूरचे रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप



८ सप्टेंबर रोजी आपण पवित्र मरियेचा जन्मोत्सव साजरा करतो. याच तारखेला, १८१७ साली, स्कॉटलंडमधील डन्स या लहानशा गावी दगडी बांधकाम करणाऱ्या एका गवंड्याच्या घरी एक मुलगा जन्मास आला. त्याचे नाव स्टीफन हिस्लॉप. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज आपल्यापैकी अनेकांना ऐकून ठाऊक असेल. ते कॉलेज ज्यांच्या नावाने ओळखले जाते, ते हेच.

हिस्लॉप कॅथॉलिक नव्हते. ते स्कॉटलंडमधील प्रॉटेस्टंट चर्चचे मिशनरी होते. मग आपल्या धर्मग्रामाच्या पत्रिकेत त्यांचे चरित्र कशासाठी, असे कोणी विचारील. त्याला आमच्याकडे दोन कारणे आहेत. सावर्डे परिसरात चिरेखाणी आहेत, विहिरी व घरांचे पाये खणले जातात आणि खणताना चित्रविचित्र आकाराचे दगड निघतात. एखादा दगड हुबेहूब हाडासारखा दिसतो आणि लगेच चर्चा सुरू होते. मुलेही धर्मशिक्षणाच्या वर्गात विचारतात की डायनासोर खरेच होते का, आणि होते तर बायबलमध्ये त्यांचे नाव का नाही? अशा प्रश्नांकडे श्रद्धावंत माणसाने कसे पाहावे, हे हिस्लॉप यांच्या जीवनातून शिकता येते. दुसरे कारण त्यांच्या घरातलेच आहे. त्यांच्या सख्ख्या भावाने आपल्या ख्रिस्तसभेविरुद्ध एक पुस्तक लिहिले, आणि त्यातील आरोप आजही आपल्या कानांवर येत असतात. एकाच घरातील या दोन भावांनी सत्य शोधण्याच्या दोन अगदी निरनिराळ्या वाटा धरल्या. त्या दोन्ही वाटा समजून घेण्यासारख्या आहेत.

डन्स ते नागपूर

स्टीफन यांना लहानपणापासूनच निसर्गाचे निरीक्षण करण्याची गोडी होती. वडील दगडाचे काम करीत, शिवाय आपल्या चर्चमध्ये वडीलमंडळाचे सभासद होते. म्हणजे दगड आणि देवशब्द हे दोन्ही या मुलाला घरातच मिळाले. पुढे एडिंबरो व ग्लासगो येथील विद्यापीठांत त्यांचे शिक्षण झाले. १८४३ साली स्कॉटलंडच्या चर्चमध्ये मोठी फूट पडली आणि फ्री चर्च वेगळे झाले. हिस्लॉप यांनी फ्री चर्चची बाजू घेतली. दुसऱ्याच वर्षी विवाह करून पत्नीसह ते हिंदुस्थानात येण्यास निघाले. १८४५ च्या आरंभी ते नागपूर भागात पोहोचले. त्या वेळी नागपुरात भोसल्यांचे राज्य होते.

नागपुरात आल्यावर त्यांनी प्रथम मराठी शिकायला घेतली. लोकांशी त्यांच्याच भाषेत बोलल्याशिवाय आपले काम होणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. १८४६ साली त्यांनी नागपुरात शाळा उघडली. पुढच्या वर्षी रॉबर्ट हंटर नावाचे सहकारी येऊन मिळाले. शाळेत शिकवणे, बाजारात व खेड्यांत प्रवचन करणे, आजारी माणसांची विचारपूस करणे असा त्यांचा दिनक्रम असे. गोंड समाजातही ते मिसळले. गोंडांची भाषा, चालीरीती आणि गाणी त्यांनी टिपून ठेवली. जंगलातल्या माणसांच्या गाण्यांना साहेबलोक फारशी किंमत देत नसत, त्या काळात एक धर्मोपदेशक वही घेऊन ती उतरवून घेत होता, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

या सर्व धावपळीत त्यांच्या झोळीत एक हातोडा असे. प्रवचनासाठी एका गावाहून दुसऱ्या गावी जाताना नदीचा काठ, विहिरीची माती, खाणीची भिंत ते पाहत जात. दगड उचलत, फोडत, निरखून बघत. यासाठी त्यांना वेगळा पगार नव्हता की वेगळी रजा नव्हती. मिशनच्या कामावर चालता चालता त्यांनी विदर्भाच्या भूमीचा इतिहास जगापुढे आणला.

टाकळी, मांगली आणि पिसदुरा

नागपूर शहराच्या वायव्येस टाकळी हे गाव होते. आज ते शहरातच सामावले आहे. त्याच बाजूला सेमिनरी हिल्स नावाची टेकडी आहे. तेथे आपल्या कॅथॉलिक धर्मगुरूंना शिक्षण देणारी सेंट चार्ल्स सेमिनरी आहे, आणि त्याच टेकडीवर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाचे कार्यालयही आहे. हिस्लॉप यांच्या काळी यांपैकी काहीच नव्हते. होते ते काळ्या दगडाचे थर आणि त्या थरांमध्ये दबलेली मातकट, फिकट रंगाची एक पट्टी.

ही पट्टी महत्त्वाची होती. काळा दगड म्हणजे थंड झालेला लाव्हारस. दख्खनचे पठार अशा लाव्हारसाच्या एकावर एक थरांनी बनलेले आहे, आणि हा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिला. परंतु तो एकाच वेळी वाहिला नाही. एक थर वाहून निवायचा, मधे बराच काळ जायचा, तेवढ्यात खोलगट भागात पाणी साचून तळी व्हायची, त्यांत गोगलगायी व शिंपल्यांचे जीव वाढायचे, काठाला झाडे उगवायची. मग पुन्हा लाव्हा येऊन सर्व झाकून टाकायचा. टाकळीच्या त्या पट्टीत हिस्लॉप व हंटर यांना गोड्या पाण्यातील गोगलगायींचे शंख, फळे, बिया, एवढेच नव्हे तर भुंगेऱ्यांच्या पंखांवरील कठीण आवरणेही दगड झालेल्या रूपात मिळाली. बोटाच्या पेराहूनही लहान अशा या वस्तूंवरून तेथे एके काळी तळे होते हे सिद्ध झाले.

नागपूरच्या दक्षिणेस सुमारे ६० मैलांवर मांगली नावाचे गाव आहे. तेथील वालुकाश्म घरबांधणीसाठी काढला जाई. या दगडातून एका प्राण्याची कवटी मिळाली. हिस्लॉप व हंटर यांनी ती लंडनला पाठवली. त्या काळचे सर्वांत मोठे अस्थितज्ज्ञ रिचर्ड ओवेन यांनी तिचा अभ्यास करून १८५५ साली तिचे वर्णन प्रसिद्ध केले आणि तिला ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स असे नाव दिले. आखूड चेहऱ्याचा, रुंद डोक्याचा हा प्राणी बेडकाप्रमाणे पाण्यात व जमिनीवर राहणाऱ्या प्राण्यांच्या फार जुन्या गटातला होता. तो सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वीचा असावा.

त्याच वर्षी नागपूर परिसरातील खडक व जीवाश्म यांवरील हिस्लॉप व हंटर यांचा निबंध लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेच्या नियतकालिकात छापून आला. पुढे चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याच्या बाजूला पिसदुरा येथे हिस्लॉप यांना प्रचंड सरपटणाऱ्या प्राण्यांची हाडे मिळाली. ही डायनासोरांची हाडे होत. शास्त्रज्ञ पुढेही अनेक वर्षे पिसदुऱ्याच्या शिवारात जात राहिले. तेथे दगड झालेली विष्ठाही सापडते. २००५ साली लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतील संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विष्ठेत गवताचे सूक्ष्म कण शोधून काढले. डायनासोरांच्या काळी गवत नव्हते असे तोवर मानले जात असे. महाराष्ट्रातल्या एका खेड्याच्या मातीने ते मत बदलले.

हाड कसे ओळखावे?

आता आपल्या घरच्या प्रश्नाकडे वळू. हाडासारखा दिसणारा दगड खरोखर हाड आहे की नाही, हे कसे ठरवायचे? जाणकार जे सांगतात ते आम्ही येथे सोप्या भाषेत देत आहोत.

पहिली गोष्ट, दगड कोठे सापडला ते पाहावे. लाव्हारस १,००० अंशांहून अधिक तापलेला असतो. त्यात हाड टिकत नाही. म्हणून काळ्या दगडाच्या आत हाड शोधणे व्यर्थ आहे. मात्र लाव्हाच्या दोन थरांमध्ये किंवा खाली गाळाचा थर असेल, तर तेथे शक्यता असते. मुंबईत वरळीच्या टेकडीपाशी अशाच गाळाच्या थरात लहान लहान बेडकांचे सांगाडे मिळाले, आणि त्यांचेही वर्णन ओवेन यांनीच १८४७ साली केले होते. आपल्याकडचा जांभा म्हणजे मूळचा काळा दगड. हजारो पावसाळ्यांनी तो झिजला, त्यातले विरघळणारे सर्व निघून गेले आणि लोह व ॲल्युमिनियम यांचे अंश मागे राहिले. ज्या पाण्याने दगडाची ही गत केली, ते हाडाला सोडणार नाही. त्यामुळे चिऱ्याच्या खाणीत डायनासोरचे हाड मिळण्याची आशा धरू नये. रत्नागिरीच्या बाजूला मात्र काही ठिकाणी जांभ्याच्या खाली दगडी कोळशासारख्या लिग्नाइटचे व मातीचे थर लागतात आणि त्यांत झाडांचे अवशेष मिळतात. म्हणजे आपली जमीन अगदीच मुकी नाही. ती हाडांपेक्षा झाडांची आठवण अधिक सांगते.

दुसरी गोष्ट, आकारावर विसंबू नये. फसगत होते ती येथेच. जांभ्यात लोहाच्या नळ्या तयार होतात. त्या लांबट, पोकळ आणि टोकाला फुगीर असल्या की मांडीच्या हाडासारख्या भासतात. नदीत घासून गुळगुळीत झालेला गोटा सांध्याच्या गोळ्यासारखा दिसतो. गारेचा अंडाकृती गोळा अंडे वाटतो. निसर्गात असे सारखेपण पावलोपावली भेटते. बाहेरून सारखे दिसणे हा पुरावा नव्हे.

तिसरी व सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे आतील रचना. खाटकाकडून आणलेले हाड स्वयंपाकघरात कापलेले आपण सर्वांनी पाहिले आहे. बाहेर घट्ट, गुळगुळीत कवच असते आणि आत, विशेषतः टोकांकडे, बारीक जाळी असते. कोट्यवधी वर्षांनी हाडाचा दगड झाला तरी ही रचना बहुधा राहते. दगड आधीच तुटलेला असेल तर तुटलेली बाजू भिंगाखाली धरावी. बाहेर दाट कड आणि आत सारख्या आकाराची नाजूक जाळी दिसली, तर विचार करण्यासारखे आहे. जांभ्यालाही छिद्रे असतात, म्हणून आपल्याकडे हा घोटाळा अधिक होतो. पण जांभ्याची छिद्रे वेडीवाकडी, लहानमोठी, पिवळ्या मातीने भरलेली असतात. ती बाहेरपासून आतपर्यंत तशीच जातात आणि दगड घासला तर तांबडी भुकटी निघते. काळ्या दगडातील छिद्रे गोल बुडबुड्यांची असतात व त्यांत अनेकदा पांढरे स्फटिक भरलेले असतात. हाडाची जाळी या दोहोंसारखी नसते.

काही लोक दगड जिभेला लावून पाहतात. जुने हाड सच्छिद्र असल्यामुळे ओल्या जिभेला चिकटते हे खरे. पण चिकणमातीचा वाळलेला गोळाही तसाच चिकटतो. म्हणून कोकणात या खुणेवर भरवसा ठेवू नये, आणि जमिनीतून निघालेली वस्तू तोंडात घालणेही बरे नव्हे.

चौथी गोष्ट, गुराचे किंवा अन्य प्राण्याचे अलीकडचे हाडही मातीत पडून तपकिरी होते व जुने वाटते. ते दगडाच्या मानाने हलके असते. आणि सापडलेले हाड माणसाचे असावे अशी थोडीही शंका आली, तर त्याला हात न लावता पोलिसांना कळवणे हे आपले कर्तव्य आहे.

हे सर्व पाहूनही निर्णय आपण द्यायचा नसतो. हिस्लॉप यांनी काय केले? कवटी ओवेन यांच्याकडे गेली. वनस्पतींच्या ठशांचा अभ्यास चार्ल्स बनबरी यांनी केला, भुंगेऱ्यांचा अँड्र्यू मरे यांनी, सूक्ष्म कवचधारी जीवांचा रूपर्ट जोन्स यांनी. ज्याचे जे ज्ञान त्याच्याकडे ती वस्तू, असा त्यांचा नियम दिसतो. मिळालेल्या वस्तूवर मालकी सांगत बसण्यापेक्षा तिचे सत्य काय आहे हे कळणे त्यांना मोलाचे वाटले. एका हिरवट खनिजाला हिस्लॉपाइट आणि नागपूरच्या गोड्या पाण्यातील एका सूक्ष्म जीवाला हिस्लोपिया अशी नावे मिळाली, तीही इतरांनी दिली.

माल्टा बेटावरील जिभा

दगड की अस्थी, या प्रश्नाचा आपल्या ख्रिस्तसभेशीही जुना संबंध आहे. प्रेषितांच्या कृत्यांच्या २८व्या अध्यायात संत पौल माल्टा बेटावर आल्याची हकिकत आहे. तेथे विषारी साप त्यांच्या हाताला डसला, परंतु त्यांना काही इजा झाली नाही. त्या बेटावर जमिनीत त्रिकोणी, चकचकीत, टोकदार दगड मिळतात. संत पौलांच्या त्या प्रसंगाशी जोडून लोक त्यांना दगड झालेल्या सापांच्या जिभा मानू लागले. विषावर उतारा म्हणून ते विकले जात.

१६६६ साली इटलीत लिव्होर्नोच्या किनाऱ्याजवळ एक प्रचंड शार्क मासा पकडला गेला. त्याचे डोके तपासण्याचे काम नील्स स्टेन्सन, म्हणजेच निकोलस स्टेनो, या डॅनिश शरीरशास्त्रज्ञाकडे आले. शार्कचे दात आणि त्या कथित जिभा त्यांनी ताडून पाहिल्या आणि त्या जिभा म्हणजे पूर्वीच्या शार्कांचे दात आहेत असे दाखवून दिले. मग दात डोंगरात कसे गेले, याचा शोध घेताना त्यांनी १६६९ साली खडकांच्या थरांचे नियम मांडले. खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा, हा आज शाळेत शिकवला जाणारा नियम त्यांचाच. हे स्टेनो जन्माने लुथरन होते. १६६७ साली त्यांनी कॅथॉलिक श्रद्धा स्वीकारली, १६७५ साली ते धर्मगुरू झाले आणि १६७७ साली बिशप. बिशप झाल्यावर त्यांनी अत्यंत गरिबीत दिवस काढले व १६८६ साली त्यांचे निधन झाले. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २३ ऑक्टोबर १९८८ रोजी त्यांना धन्यवादित म्हणून घोषित केले.

सापाच्या जिभांची गोष्ट खोटी ठरली म्हणून संत पौलांची थोरवी कमी झाली नाही. खोटा आधार गळून पडला की खरी श्रद्धा अधिक भक्कम उभी राहते, हे धन्यवादित स्टेनो यांना ठाऊक होते.

दोन भाऊ

आता हिस्लॉप यांच्या भावाविषयी. स्टीफन यांचे थोरले बंधू अलेक्झांडर हिस्लॉप हेदेखील फ्री चर्चचे धर्मोपदेशक होते. स्कॉटलंडमधील आर्ब्रोथ येथे ते सेवा करीत. १८५३ साली त्यांनी एक पुस्तिका लिहिली आणि १८५८ साली ती वाढवून मोठे पुस्तक केले. त्याचे नाव द टू बॅबिलॉन्स. कॅथॉलिक उपासना ही ख्रिस्ती नसून प्राचीन बॅबिलॉनची मूर्तिपूजाच आहे, असा त्यांचा दावा होता. बाळ येशूला घेतलेल्या मरियेची प्रतिमा कोठल्याशा प्राचीन देवीच्या प्रतिमेसारखी दिसते, म्हणून ती तीच. मिस्सामधील पवित्र भाकर गोल, सूर्याची तबकडीही गोल, म्हणून ती सूर्यपूजा. असे एकामागून एक सारखेपण त्यांनी पानापानांवर रचले.

भाविकहो, चिऱ्याच्या खाणीतली लोहाची नळी आठवा. बाहेरून ती हाडासारखी दिसते. आत पाहिले तर जाळी नाही. जगातील कोणतीही आई आपल्या बाळाला कडेवर घेते. म्हणून आई व बाळ यांचे प्रत्येक चित्र एकाच मूळचे ठरत नाही. आपल्या भाकरीचा उगम शोधायचा तर शेवटच्या भोजनाकडे, वल्हांडणाच्या मेजाकडे आणि पहिल्या शतकातील ख्रिस्ती मंडळींच्या उपासनेकडे जावे लागते. आतील रचना तेथे आहे. भाकर गोल का, चौकोनी का, हा बाहेरचा आकार झाला.

या पुस्तकाचा परिणाम मात्र दूरवर गेला. १९६६ साली अमेरिकेतील राल्फ वुड्रो या प्रवचनकारांनी त्यावर आधारित एक पुस्तक लिहिले व ते पुष्कळ खपले. पुढे वुड्रो यांनी मूळ आधार स्वतः तपासायला घेतले, तेव्हा ते टिकत नाहीत असे त्यांना आढळले. त्यांनी स्वतःचे खपाचे पुस्तक मागे घेतले आणि १९९७ साली त्याचे खंडन करणारे दुसरे पुस्तक लिहिले. ते प्रॉटेस्टंट होते व प्रॉटेस्टंटच राहिले. तरीही सत्याची किंमत त्यांनी स्वतःच्या खिशातून मोजली. आपण अशा माणसाचा आदर केला पाहिजे.

अलेक्झांडर यांच्याविषयी मनात कडवटपणा धरावा म्हणून आम्ही हे लिहीत नाही. त्यांची देवाविषयीची तळमळ खोटी होती असे म्हणण्याचा आम्हांला अधिकार नाही. पण जुन्या आरोपांची पत्रके किंवा मोबाइलवरील संदेश आपल्या दारी येतात, तेव्हा आपली तरुण मुले गोंधळतात. त्यांना रागाने गप्प करू नये. धाकट्या हिस्लॉपांची रीत शिकवावी. वस्तू हातात घ्या, कोठे सापडली ते विचारा, आत पाहा आणि जाणकाराकडे न्या.

हीच रीत आपण स्वतःलाही लावली पाहिजे. रडणाऱ्या मूर्तीची, ढगातल्या आकृतीची छायाचित्रे आपणही क्षणाचा विचार न करता पुढे पाठवतो. ख्रिस्तसभा तशी घाई करीत नाही. लूर्द येथे बरे झाल्याची ७,००० हून अधिक प्रकरणे नोंदली गेली. वैद्यकीय तपासणीनंतर चमत्कार म्हणून मान्य झाली ती केवळ सत्तरच्या आसपास. संतांच्या अस्थींबाबतही तसेच. २०१७ साली रोमने दिलेल्या सूचनांनुसार, ज्या अवशेषांच्या खरेपणाचा अधिकृत दाखला नाही ते भाविकांच्या दर्शनासाठी ठेवता येत नाहीत. २०२४ च्या नोव्हेंबरपासून २०२५ च्या जानेवारीपर्यंत जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांचे दर्शन झाले, तेव्हा कोकणातून कितीतरी कुटुंबे गेली. त्या दर्शनामागे शतकानुशतके जपलेल्या नोंदी आहेत, हेही त्यांनी ध्यानात ठेवावे.

शेवटचा प्रवास

१८६३ च्या सप्टेंबर महिन्यात मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त सर रिचर्ड टेंपल यांच्यासोबत हिस्लॉप नागपूरच्या दक्षिणेस बोरीच्या मुक्कामी होते. जवळच टाकळघाट येथे फार प्राचीन काळची दगडांची वर्तुळे आहेत. ४ सप्टेंबरला दोघे ती पाहण्यास गेले. काम आटोपल्यावर टेंपल पुढे निघाले. हिस्लॉप मात्र गावातील शाळेची पाहणी करण्यासाठी मागे थांबले. परतीच्या वाटेवर अंधार पडला होता आणि पावसाने ओढ्याला पूर आला होता. घोड्यावरून तो ओलांडताना ते वाहून गेले. ४६वा वाढदिवस चार दिवसांवर आला होता.

टेंपल यांनी हिस्लॉप यांची गोंड व इतर आदिवासींविषयीची टिपणे गोळा करून १८६६ साली प्रसिद्ध केली. नागपूरच्या शाळेतून पुढे १८८३ साली कॉलेज उभे राहिले व त्याला त्यांचे नाव दिले गेले. ज्या दिवशी ते वारले त्या दिवसाचे शेवटचे काम शाळेतल्या मुलांसाठी होते. दगडांसाठी गेलेला हा माणूस मुलांसाठी थांबला, यात त्यांच्या सर्व आयुष्याचा सारांश आहे असे आम्हांला वाटते.

आपण काय घ्यावे?

मुलांच्या मूळ प्रश्नाचे उत्तर राहिले. डायनासोर होते का? होय, होते, आणि आपल्या महाराष्ट्रातही होते. मग बायबल खोटे का? मुळीच नाही. उत्पत्तीचे पुस्तक हे सर्व कोणी निर्माण केले व कशासाठी, हे सांगते. कोणता प्राणी कोणत्या थरात आहे, हे सांगण्यासाठी ते लिहिलेले नाही. पोप पायस बारावे यांनी १९५० साली मानवी देहाच्या उत्क्रांतीचा अभ्यास करण्यास वाव दिला, मात्र प्रत्येक आत्मा परमेश्वर थेट निर्माण करतो ही शिकवण ठाम ठेवली. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९६ साली तीच वाट अधिक स्पष्ट केली. आपल्या मुलांना विज्ञान व श्रद्धा यांपैकी एकाची निवड करण्यास ख्रिस्तसभा सांगत नाही. घरात आईवडिलांनीही सांगू नये.

आपल्या भागात कोणाला काही वेगळे सापडले तर एवढे करावे. ते फोडू नये, घासू नये, त्यावर रंग वा तेल लावू नये. जेथे सापडले ती जागा, खोली व मातीचा रंग कागदावर लिहून ठेवावा, कारण जागा हरवली की वस्तूचा अर्धा अर्थ जातो. बाजूला पट्टी किंवा नाणे ठेवून छायाचित्र घ्यावे. मग जवळच्या महाविद्यालयातील भूगर्भशास्त्राच्या शिक्षकांना किंवा भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाला दाखवावे. बहुधा उत्तर येईल की हा साधा दगड आहे. त्यात निराश होण्यासारखे काही नाही. दगडाला दगड म्हणणे हेही सत्यच आहे, आणि ज्याने दगड घडवला व ज्याने अस्थी घडवल्या तो एकच आहे.

संदेष्टा यहेज्केल याला परमेश्वराने कोरड्या अस्थींचे खोरे दाखवले आणि त्या अस्थींत पुन्हा प्राण येताना दाखवला. आपली आशा त्या प्राणावर आहे. ती आशा बळकट करण्यासाठी कोणत्याही खोट्या अस्थीची गरज नाही. येत्या ४ सप्टेंबरला, मरियामातेच्या नोव्हेनात प्रार्थना करताना, नागपूरच्या त्या ओढ्यात देह ठेवलेल्या आपल्या विभक्त बंधूचीही आठवण करू या, आणि सर्व ख्रिस्ती जनांच्या ऐक्यासाठी व सत्याच्या प्रेमासाठी प्रभूकडे मागणे मागू या.